बाळाला न्हाऊ घालताना पाठ नीट बघा

न्हाऊ घालणाऱ्या मावशींनो, आज्यांनो, तुम्ही बाळाला पायांवर पालथं घेता, तेव्हा कंबरेखाली, माकडहाडाच्या जरा वर बघा. तिथे केसांचा झुपका, मऊ गाठ, लाल चट्टा किंवा खोल खळगी आहे का? असली तर मारुतीरायाची खूण म्हणून कौतुक करत बसू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. खळगीतून पाणी झिरपत असेल तर त्याच दिवशी न्या. ती वाट आत मज्जारज्जूपर्यंत गेलेली असू शकते, आणि त्यातून मेंदूज्वर होतो.

कंबरेवरचे निळसर डाग मात्र आपल्याकडच्या पुष्कळ बाळांना असतात. त्यांना घाबरू नका.

पोटात असताना कणा मज्जारज्जूपेक्षा भराभर वाढतो, त्यामुळे मज्जारज्जूचं टोक वर सरकत कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी येऊन थांबतं. काही बाळांत ते खालीच, चरबीच्या गाठीला किंवा जाड तंतूला चिकटून राहतं. मग मूल उंच होईल तसा मज्जारज्जू ताणला जातो.

अशा मुलाच्या एकाच पायातली चप्पल सारखी निसटते, कारण ते पाऊल लहान राहिलेलं असतं. कुणाची पाठ एका बाजूला झुकते. लघवी सांगायला शिकलेलं पोर पुन्हा चड्डी ओली करतं, आणि त्याबद्दल मार खातं. हे फार वाईट आहे. नसा ताणल्यामुळे त्याचा ताबाच सुटलेला असतो, त्यात त्याचा काय दोष? हात उगारण्याआधी सदरा वर करून त्याची पाठ बघा. पाय जुळवून पुढे वाकायला सांगा. मागून बरगड्यांची एक बाजू उंच दिसली तर डॉक्टरांकडे न्या.

चिकटलेला मज्जारज्जू शस्त्रक्रियेने मोकळा करता येतो. पुढचं नुकसान बहुधा थांबतं, पण लघवीवरचा गेलेला ताबा परत येईलच असं नाही. म्हणून ‘मोठा झाला की बघू’ म्हणू नका. पहिल्या तीन महिन्यांत साध्या सोनोग्राफीतही बरंच कळतं. पुढे हाडं टणक झाली की एमआरआयच लागतो.

पैशांपायी थांबू नका. 2013 मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी आणि उपचार मोफत होतात. अंगणवाडीत किंवा शाळेत पथक येईल तेव्हा पाठ दाखवा, लघवीची तक्रार न लाजता सांगा. पथकाने चिठ्ठी दिली तर ती घेऊन त्याच आठवड्यात जिल्हा रुग्णालयात जा.