आक्रमण समुद्राचें कीं आमचें?

पावसाळा लागला कीं आमच्या वर्तमानपत्रांतून ‘समुद्राचें आक्रमण’ हा शब्दप्रयोग नेमानें दिसूं लागतो, आणि त्याच्या मागोमाग भिंती बांधण्याची मागणी येते. आमचें म्हणणें असें कीं, निदान मुंबईपुरता तरी हा शब्दप्रयोग उलटा आहे. सात बेटांमधील खाड्या व दलदली भरून ज्या शहरानें आपला विस्तार साधला, त्यानें समुद्रावर अतिक्रमणाची फिर्याद लावावी, हा न्याय अजब खरा!

भिंतीचा अनुभव मुंबईस नवा नाहीं. महालक्ष्मी व वरळी यांमधील खिंड १७८४ च्या सुमारास हॉर्नबीच्या बांधानें बुजविण्यांत आली. भरतीचें पाणी अडलें. परंतु आंतील सखल भाग सखलच राहिला, आणि पुढल्या शतकांत शहराचा मैला व केरकचरा तेथें साचत गेला. बांध बाहेरचें पाणी आंत येऊं देत नाहीं, तसें आंतलें बाहेरहि जाऊं देत नाहीं, ही साधी गोष्ट आमच्या योजकांस अद्याप उमगलेली दिसत नाहीं.

२६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तो असाधारण होता, हें कोणीहि मान्य करील. परंतु मिठी नदीचें पात्र भरावांनीं आवळलें गेलें, तिच्या कांठचें तिवरांचें रान जाऊन वांद्रे-कुर्ला येथें टोलेजंग कचेऱ्या उभ्या राहिल्या, हें कांहीं पावसानें केलें नव्हतें. जुन्या गटारांची आंखणी ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबानें झालेली. त्यांचीं अनेक मुखें भरतीच्या पातळीखालीं. मग भरती व पाऊस एकाच वेळीं आले म्हणजे पाण्यानें जावें कोठें? तें सखल वस्तींतल्या घरांत शिरतें, आणि शिरतांना कारखान्यांची घाण व मैला बरोबर आणतें. त्या वर्षीं लेप्टोस्पायरोसिसची सांथ आली, ती ह्याच पाण्याच्या पाठोपाठ. पूर, धूप आणि प्रदूषण यांसाठीं निरनिराळीं खातीं उघडणारांनीं हें ध्यानांत घ्यावें.

तिवर मुळांच्या जाळ्यांत गाळ धरून ठेवतें, लाटेचा जोर मोडतें, सांडपाण्यांतील बरीच घाण चिखलांतच अडवतें. कठीण भिंतीवर आपटलेली लाट मात्र पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि भिंतीच्या टोकापलीकडचा किनारा पूर्वीपेक्षां लवकर खचूं लागतो. तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग, असें मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें ठरविलें. लगेच पुढल्या जानेवारींत केंद्र सरकारनें नवी अधिसूचना काढून, दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास मज्जाव असलेला पट्टा २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. ही विकासाची घाई कोणाच्या सोयीसाठीं, हें सांगावयास नकोच.

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं घरें भरावावर उभीं असतील. समुद्रदर्शनाचे जादा पैसेहि त्यांनीं मोजले असतील. त्यांच्या शब्दाला नगरसेवकांपाशीं वजन असतें. तेव्हां पुढल्या भिंतीचा खर्च मंजूर होण्यापूर्वीं त्यांनीं दोनच प्रश्न विचारावे: भिंतीआडचें पावसाचें पाणी कोणत्या वाटेनें बाहेर पडणार, आणि तिच्या टोकापलीकडे कोणाचें गांव आहे?