तोच सिनेमा, दोन वेळा बिल!

‘अंडरवर्ल्ड’ पाहिलाय? 2003 चा. एका बाजूला व्हॅम्पायर, दुसऱ्या बाजूला माणसाचे लांडगे होणारे, मध्ये काळ्या लेदरमधली केट बेकिन्सेल. समीक्षकांनी धुतला: सगळं निळं-काळं, कथा गुंतागुंतीची, नुसता गोळीबार. प्रेक्षकांना नेमकं तेच आवडलं. बजेट सुमारे 2.2 कोटी डॉलर, जगभरचा गल्ला साडेनऊ कोटींच्या आसपास, पुढे आणखी चार भाग. दिग्दर्शक लेन वाइजमनला आपलं गिऱ्हाईक ओळखता आलं, एवढं मानायलाच हवं.

माझं भांडण डीव्हीडीशी आहे. अमेरिकेत ती जानेवारी 2004 मध्ये आली. पक्क्या चाहत्यांनी लगेच उचलली असणार. आणि मे महिन्यात तोच सिनेमा पुन्हा बाजारात, ‘अनरेटेड एक्स्टेंडेड’ म्हणून, सुमारे 12 मिनिटं जास्त! जानेवारीत पैसे मोजलेल्याने काय करायचं?

कोणी म्हणेल, जबरदस्ती थोडीच होती? नव्हती. नुसतं कव्हर बदलून जुनाच माल खपवला असंही नाही, सीन खरंच वाढवले होते. तरी मला पटत नाही. जो सगळ्यात आधी धावत येतो त्यालाच कमी माल, आणि सवडीने येणाऱ्याला पूर्ण?

आमच्या दुकानात मोठा पॅक येणार असेल तर छोटा मागणाऱ्याला आम्ही आधीच सांगतो, "दादा, थांबायचं तर थांबा." कधीकधी तो रिकाम्या हाताने जातो. जाऊ दे.

तुम्ही काऊंटरवर असता तर सांगितलं असतं का?