बंदूक खुंटीवर, पण काडतुसें कोठें?

शेताच्या राखणीसाठीं परवान्याची बंदूक बाळगणारे कास्तकार आपल्या वाचकवर्गांत पुष्कळ आहेत. कोकणांत वानर व रानडुक्कर, विदर्भांत रानडुक्कर व रोही यांचा उपद्रव ज्यांनीं सोसला आहे, त्यांस या हत्याराची गरज समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १९५९ च्या शस्त्र कायद्यानेंही ती ओळखलेली आहे. खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठीं ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद त्याच्या १३ व्या कलमांत आहे. अर्थात् बंदुकीचा परवाना म्हणजे वन्य प्राणी मारण्याची मुभा नव्हे. त्यासाठीं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं निराळी परवानगी लागते, हेंही विसरतां कामा नये.

बंदुकीची निगा आपण हौसेनें राखतों. पावसाळ्यापूर्वीं नळी पुसतों, तेलाचा हात फिरवितों. परंतु काडतुसांचें काय? तीं कोठें फडताळाच्या वरच्या खणांत, कोठें जुन्या बिस्किटांच्या डब्यांत, तर कोठें कोनाड्यांत पडलेलीं असतात. बंदूक खुंटीवर असली तरी काडतुसावांचून ती लोखंडाची नळी आहे. खरें हत्यार तें काडतूस. आणि नेमकें तेंच आपण उघड्यावर टाकतों.

अलीकडे लष्करी धाटणीच्या पत्र्याच्या काडतूसपेट्या घेण्याकडे कांहीं शेतकऱ्यांचा कल दिसतो. ही गोष्ट चांगली आहे. परंतु पेटी घेतली म्हणजे काम झालें, ही समजूत मात्र चांगली नाहीं. अशा पेट्यांत अमेरिकन लष्कराची एम २ ए १ ही पेटी सर्वांत प्रसिद्ध आहे. ती .५० कॅलिबरच्या १०० काडतुसांच्या पट्ट्यासाठीं बनविलेली असून आंतून सुमारें ११ इंच लांब, साडेपांच इंच रुंद व ७ इंच खोल असते. जाड पोलादी पत्रा, झाकणाच्या कडेनें बसविलेली रबरी पट्टी व तें झाकण दाबून धरणारी कडी, ही तिची रचना. पाणी व दमट हवा आंत जाऊं न देणें आणि गरज पडतांच एका हातानें झटकन उघडणें, हीं तिचीं दोन प्रयोजनें. कुलपाचा विचार तिच्या रचनेंत मुळांतच नाहीं. जी पेटी शिपायाला चटकन उघडतां यावी म्हणून घडविली, ती सहा वर्षांच्या पोरालाही चटकन उघडते.

तेव्हां रबरी पट्टी दमटपणापासून राखते व कुलूप माणसांपासून राखतें, हा भेद ध्यानांत धरावा. यांपैकीं एकाचें काम दुसऱ्याकडून होत नाहीं.

प्रथम पेटीची परीक्षा. वापरलेली पेटी घेतांना रंग पाहूं नये, पट्टी पाहावी. ती चिरलेली, कडक झालेली वा एखाद्या ठिकाणीं दबलेली असेल तर पेटी बिनकामाची. कागदाची पट्टी झाकणाखालीं धरून कडी लावावी व कागद ओढून पाहावा. चारही बाजूंस तो घट्ट अडकला पाहिजे. त्यानंतर आंत कोरडा कागद घालून रिकामी पेटी घटकाभर पाण्यांत दाबून ठेवावी. कागद कोरडा निघाला तर पेटी घ्यावी. जेथें वर्षाकाठीं सुमारें ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, त्या कोकणपट्टींत ही परीक्षा चुकवूं नये. तसेंच पेटी भरणें तें कोरड्या दिवशीं. आषाढांतल्या ओल्या हवेंत झाकण लावलें तर ती ओल आपण आंतच कोंडून ठेवतों. सिलिका जेलची पुडी आंत घालावी व अधूनमधून ती वाळवून घ्यावी.

आतां कुलूप. पेटीच्या कुशीला भोंक पाडून कोयंडा बसविण्याचा सल्ला गांवचा लोहार देईल. परंतु ज्या पेटीचा गुण तिच्या बंदिस्तपणांत आहे, तिला असें भोंक पाडणें म्हणजे नव्या कौलाला खिळा मारणें होय. कडीच्या बाहेरील भागांत, रबरी पट्टीच्या हद्दीबाहेर, कुलूप अडकेल अशी सोय करवून घ्यावी. हें काम पेटी पूर्ण रिकामी व पुसलेली असतांनाच करावें. जीमध्यें पूर्वीं दारू होती अशा पेटीवर वितळजोडाचें काम कधींही करूं नये. शिवाय पेटीला वर मूठ असते. कुलूप न तोडतां चोर ती मुठीनें उचलून नेईल. म्हणून पेटी कुलपाच्या कपाटांत ठेवावी, नाहींतर भिंतीशीं पक्की जखडावी. ही जागा चुलीपासून व तापणाऱ्या पत्र्याच्या छपरापासून दूर असावी, आणि बंदुकीपासून निराळी असावी.

ठासणीची बंदूक बाळगणाऱ्यांनीं पुढील मजकूर विशेष लक्षपूर्वक वाचावा. तयार काडतुसें आगींत सांपडलीं तर एकेक करून फुटतात. तीं बंदुकींतून सुटल्याच्या जोरानें जात नाहींत. परंतु सुट्या दारूची गोष्ट वेगळी. उघड्यावर ती भडकन जळून जाते. तीच घट्ट बंद पोलादी पेटींत पेटली तर वायूस वाट मिळत नाहीं आणि पेटीचा बाँब होतो. जी हवाबंद पेटी काडतुसांस उत्तम, तीच सुट्या दारूस घातक. दारू मूळ डब्यांतच असूं द्यावी व तो डबा इंचभर जाड फळ्यांच्या लांकडी पेटींत ठेवावा. ही पेटी आंतून दाब वाढतांच सहज उकलेल अशा सैल जोडणीची असावी. केपा दारूजवळ कदापि ठेवूं नयेत. या लांकडी पेटीसही कुलूप हवेंच.

कोणी म्हणेल, डुक्कर बांधावर आल्यावर कुलूप उघडीत बसावयाचें काय? या आक्षेपांत तथ्य असल्यासारखें वाटतें, पण राखण ही कांहीं अकस्मात् घडणारी गोष्ट नव्हे. परवानाधारकानें राखणीस निघतांना काडतुसें मोजून घ्यावींत, परत आल्यावर मोजून ठेवावींत व संख्या वहींत मांडावी. परवान्यावर काडतुसांच्या संख्येची मर्यादा लिहिलेली असते. ही वही त्या दृष्टीनेंही उपयोगी पडते, आणि चोरी झाल्यास पोलिसांस नक्की काय गेलें हें सांगतां येतें.

मुख्य प्रश्न किल्लीचा आहे. पेटी बळकट, कुलूप भारी आणि किल्ली त्याच खुंटीला टांगलेली, हा प्रकार म्हणजे कुंपण घालून फाटक उघडें टाकणें होय. ज्याचें नांव परवान्यांत आहे त्याच्याच अंगावर किल्ली असावी. राखणीच्या गड्याकडे ती देऊं नये. परवान्यांत नांव नसलेल्या माणसाच्या हातीं बंदूक किंवा काडतूस देणें हा गुन्हा आहे, मग तो गडी घरांत कितीही वर्षें असो.

आणखी एक गोष्ट बोलणें अवघड आहे, तरी बोललीच पाहिजे. नापिकी, कर्ज व पडलेले भाव यांनीं माणसाचें मन खचतें, हें कोणा शेतकऱ्यास सांगावयास नको. अशा पडत्या काळीं हाताशीं भरलेलें हत्यार नसणें, हीच कित्येकदां जीव वांचविणारी गोष्ट ठरते. कारण ती घटका टळली म्हणजे मनाची लाटही बहुधा ओसरते. आपला माणूस उदास आहे असें दिसलें, तर घरच्यांनीं व शेजाऱ्यांनीं संकोच न धरतां त्याच्याशीं बोलावें, त्यास डॉक्टरकडे न्यावें, आणि हत्यार व काडतुसें पोलीस ठाण्यांत किंवा ठेवीचा परवाना असलेल्या विक्रेत्याकडे ठेवण्याविषयीं त्याचें मन वळवावें. यांत अब्रू जात नाहीं.

बंदुकीसाठीं आपण हजारों रुपये खर्च करतों. पेटी व कुलूप यांचा खर्च त्यापुढें किरकोळ आहे. तो येत्या मृगापूर्वीं करावा. पीक एका हंगामाचें असतें आणि तें पुन्हां पेरतां येतें. घरांतल्या माणसांचें तसें नाहीं, एवढें लक्षांत घेऊन प्रत्येक परवानाधारक सभासदानें आज संध्याकाळीं आपलीं काडतुसें मोजावींत आणि किल्ली कोठें आहे तें पाहावें.