रँक त्यांची, कर्ज तुमचं

फेब्रुवारी-मार्च उजाडला की संख्याशास्त्र घेऊन बीएस्सी-एमएस्सी करणाऱ्या मुलामुलींच्या घरात वेगळीच धावपळ सुरू होते. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या मेल यायला लागतात. डिसेंबरात ‘कुठेतरी लागू दे’ म्हणणाऱ्यांच्या हातात आता तीन-तीन ऑफर असतात आणि खरा गोंधळ इथूनच सुरू होतो. काका म्हणतात, मोठं नाव असेल तिथे जा. मित्र म्हणतो, कॅलिफोर्निया सोडू नकोस. कन्सल्टन्सीवाले म्हणतात, आजच डिपॉझिट भरा, नाहीतर सीट जाईल. आई एवढंच विचारते, “तिकडे आपलं कुणी आहे का रे?”

गंमत बघा. ज्यांनी तीन वर्षं नमुना कसा निवडायचा आणि तुलना कशी करायची हेच शिकलंय, तीच मुलं आयुष्यातली एवढी मोठी तुलना एका क्रमांकावर सोडून मोकळी होतात. माझं म्हणणं सरळ आहे. विद्यापीठाचं नाव सगळ्यात शेवटी बघा. त्याआधी तीन गोष्टी बघा: ती डिग्री कशासाठी आहे, पैसे कोण देणार आहे आणि ठरवलेलं बिनसलं तर घराला ते झेपेल का.

आधी रँकचं बोलू. ‘यूएस न्यूज’ची संख्याशास्त्राची यादी सगळ्यांच्या फोनमध्ये सेव्ह असते. ती कशावरून काढतात, हे किती जणांनी वाचलंय? ही यादी पीएचडी देणाऱ्या विभागांची आहे. तिथल्याच प्राध्यापक मंडळींना इतर विभागांना १ ते ५ गुण द्यायला सांगतात आणि त्या गुणांवरून क्रमांक लागतात. फी, नोकरी, मास्टर्सच्या वर्गात कोण शिकवतं, परदेशी विद्यार्थ्याचं काय होतं, यातलं काहीही त्यात मोजलेलं नाही. पीएचडीला जाणाऱ्याला ती यादी थोडी उपयोगी पडेल. दोन वर्षांचं एमएस करून नोकरी शोधणाऱ्यासाठी मात्र तो दुसऱ्याच प्रश्नाचा उत्तरपत्रिकेतला आकडा आहे. याला एक अपवाद सांगायला हवा. आपल्या राज्य सरकारच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनेत जागतिक क्रमवारीची अटच असते. तिथे क्रमांक बघावाच लागतो.

आता डिग्रीचा प्रकार. एकाच ‘स्टॅटिस्टिक्स’ नावाखाली अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. बर्कलेचा एमए हा वर्षभराचा, थेट नोकरीकडे नेणारा कोर्स आहे. दुसरीकडे दोन वर्षांचे, प्रबंधाला जागा देणारे कोर्स आहेत. आणि तिसरी वाट थेट पीएचडीची. अमेरिकेत संख्याशास्त्राच्या पीएचडीला एमएस आधी झालेलं असावंच असं नाही. चांगली बीएस्सी किंवा इथली एमएस्सी घेऊनही अर्ज करता येतो. शिवाय पीएचडीच्या विद्यार्थ्याला साधारणपणे फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचे दरमहा पैसे मिळतात. म्हणजे ज्याला खरंच संशोधन करायचंय, त्यानं ‘आधी एमएस, मग बघू’ म्हणत लाखो रुपये ओतण्याआधी दहादा विचार करावा. कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये एमस्टॅट करताना उलट विद्यावेतन मिळतं. आयआयटी मुंबईत एमएस्सी आहे, पुणे विद्यापीठाचा विभाग आहे. इथे पाया पक्का करून मग पीएचडीला बाहेर जाणं हा काही कमीपणा नाही.

पुण्याचा हा विभाग १९५३ मध्ये उभा केला तो कोल्हापुरात जन्मलेल्या वसंत शंकर हुजूरबाजार यांनी. ते केंब्रिजला शिकले, पण संख्याशास्त्रातली माणसं त्यांच्याबद्दल बोलताना केंब्रिजच्या बरोबरीनं हॅरॉल्ड जेफ्रीज यांचं नाव घेतात, कारण डॉक्टरेट त्यांच्याकडे केली. संशोधनाच्या वाटेवर कुठे शिकलो याइतकंच कुणाकडे शिकलो हेही मोजतात. तेव्हा ऑफर आलेल्या विभागाच्या पानावर जा. तुमच्या आवडीच्या विषयातले किमान तीन प्राध्यापक आहेत का बघा. एकच असेल आणि तो वर्षभरात दुसरीकडे गेला, तर तुम्ही काय कराल?

नोकरीसाठी जाणाऱ्यांनी कोर्सची लांबी नीट बघायला हवी. ‘एकच वर्षाचा, म्हणजे पैसे वाचले’ हा हिशेब अर्धवट आहे. एफ-१ व्हिसावर असताना कॅम्पसबाहेरची इंटर्नशिप करायला साधारणपणे आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष व्हावं लागतं. नऊ-दहा महिन्यांच्या कोर्समध्ये मधला उन्हाळाच नसतो. म्हणजे इंटर्नशिपही नाही. अमेरिकेचा अनुभव शून्य असताना थेट पूर्णवेळ नोकरीच्या बाजारात उतरायचं. दोन वर्षांच्या कोर्समध्ये तो उन्हाळा मिळतो, अर्थात खर्च वाढतो. कोणता तोटा परवडतो, ते तुम्ही ठरवा. पण दोन्ही रकाने भरून ठरवा.

डिग्री संपल्यावर ओपीटी म्हणजे कामाची १२ महिन्यांची परवानगी मिळते. विषय स्टेम यादीतला असेल तर आणखी २४ महिने वाढवून मिळतात. संख्याशास्त्र त्या यादीत आहे. मात्र ‘अॅनालिटिक्स’ असं झगमगीत नाव असलेला बिझनेस स्कूलचा प्रत्येक कोर्स असेलच असं नाही. ते ठरतं कोर्सच्या सरकारी कोडवरून, आणि तो कोड आय-२० वर छापलेला असतो. ऑफर स्वीकारण्याआधी मेल करून तो विचारून घ्या. अजून एक नियम फार कमी जण वाचतात: पहिल्या १२ महिन्यांत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. त्यापुढे एच-१बी. वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकन मास्टर्सवाल्यांसाठी आणखी २० हजार, एवढाच कोटा, आणि अर्ज त्याहून जास्त आले की सोडत. सप्टेंबर २०२५ मध्ये तर एच-१बीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरच्या शुल्काचा आदेश निघाला. तो कुणाला लागू आणि कुणाला नाही, हे समजून घेता घेता सगळ्यांची दमछाक झाली. मुद्दा एवढाच की तुम्ही विमानात बसताना असलेले नियम तुम्ही पदवीचा झगा घालाल तेव्हा तसेच असतील, याची खात्री कुणीही देऊ शकत नाही.

म्हणून पैशाचा हिशेब ‘तिकडे नोकरी लागेलच’ असं धरून करू नका. समजा, ४० लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, दहा वर्षांत फेड. महिन्याचा हप्ता जवळपास ५२,८६० रुपये. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज काही थांबत नाही, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून वर जातो. डॉलरमध्ये पगार असेल तर हा हप्ता किरकोळ वाटतो. पण दोन वर्षांनी पुण्याला किंवा नाशिकला परत यावं लागलं तर? पहिल्या नोकरीच्या पगारातून एवढे पैसे बाजूला काढता येतील का? आणि तारण म्हणून कुणाचं घर ठेवलंय?

“तिकडे गेल्यावर असिस्टंटशिप मिळते” हे वाक्य तर प्रत्येक सीनियर ऐकवतो. मिळतही असेल. पण ऑफरच्या पत्रात लिहिलं नसेल, तर हिशेबात ती शून्य धरा. विद्यापीठाच्या वेबसाइटवर फेलोशिपची लांबलचक यादी दिसते, त्यातही मेख असते. नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवीधर फेलोशिप किंवा बायोस्टॅटिस्टिक्सच्या विभागांत मिळणारी एनआयएचची ट्रेनिंग ग्रँट परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाही, ती तिथल्या नागरिकांसाठी आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठी असते. कॅम्पसवरची कामं सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच करता येतात. त्यातून किराणा निघेल, फी नाही.

आता विद्यापीठानं दाखवलेल्या प्लेसमेंटच्या आकड्यांकडे वळा. इथे तुमचं शिक्षण वापरायची संधी आहे. सरासरी पगार दिलाय की मध्यक? सर्वेक्षणाला वर्गातल्या किती जणांनी उत्तर दिलं? नोकरी न मिळालेला सहसा असले फॉर्म भरत बसत नाही. परदेशी विद्यार्थ्यांचे आकडे वेगळे दिलेत का? नसतील तर मागा. सीनियर गाठतानाही तीच काळजी घ्या. लिंक्डइनवर फोटो टाकणारे लगेच सापडतात. त्याच कोर्समधून परत आलेला एखादा शोधा आणि त्याच्याशी अर्धा तास बोला. तो नमुना मिळवायला अवघड असतो, पण महत्त्वाचा तोच.

आणि जग म्हणजे फक्त अमेरिका नाही. जर्मनीत बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिक्षण शुल्क नाही. डॉर्टमुंडला तर संख्याशास्त्राची स्वतंत्र विद्याशाखा आहे. तिथे राहण्याच्या खर्चापोटी वर्षाचे ११,९०४ युरो आधी खात्यात दाखवावे लागतात आणि जर्मन भाषेशी गाठ पडते. ब्रिटनचं मास्टर्स वर्षभरात उरकतं, पण त्यानंतर थांबून काम करायची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांसाठी दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर आणली आहे. प्रत्येक देशाची स्वतःची किंमत आहे, ती रुपयांत आणि महिन्यांत मांडून बघा.

घाईचं म्हणाल, तर १५ एप्रिल लक्षात ठेवा. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी मिळून मान्य केलंय की आर्थिक मदतीसह आलेल्या ऑफरला त्या तारखेच्या आधी उत्तर द्यायची सक्ती विद्यार्थ्यावर करायची नाही. स्वखर्चाच्या एमएसला हा नियम लागू नाही. तरीही मुदत वाढवून मागायला एक मेल पुरतो, आणि मागितलं म्हणून कुणी ऑफर काढून घेत नाही.

डिपॉझिट भरण्याआधी एक रविवार काढा. आई-बाबांना समोर बसवा आणि एका कागदावर प्रत्येक ऑफरपुढे दोनच आकडे लिहा: एकूण खर्च आणि परत यावं लागलं तर महिन्याला भरायचा हप्ता. विद्यापीठांची नावं झाकून ठेवा. तो दुसरा आकडा वाचून घरात कुणाची झोप उडणार नसेल, तर बॅग भरा आणि बिनधास्त जा.