विशिखानुप्रवेश आणि अनुभवाचा दाखला

जिल्हा परिषदेची अथवा राष्ट्रीय आरोग्य अभियानाची भरतीची जाहिरात प्रसिद्ध झाली, की आठवड्याच्या आत वैरागच्या आमच्या चिकित्सालयात नव्या स्नातकांची ये-जा सुरू होते. कोणी बार्शीच्या बाजूचा, कोणी मोहोळ-माढ्याकडचा. हातात प्लास्टिकची फाईल आणि बहुधा सोबत वडील. नमस्कार-चहा झाला की विषय निघतो : "सर, अनुभवाचा एक दाखला मिळेल का? दोन वर्षांचा असला तरी चालेल." मुलाखतीत काय विचारतात, तयारी कशी करावी, हे विचारणारा विरळाच. निवडीच्या गुणांकनात अनुभवाला गुण असतात. तेव्हा गुण हवेत म्हणून अनुभव हवा, आणि अनुभव हवा म्हणून कागद हवा, असा हा सरळ हिशेब आहे.

आम्हीही असा एक कागद दिलेला आहे. त्रैमासिकाच्या वाचकांपासून ते लपवून ठेवण्यात अर्थ नाही.

आमच्या एका सहाध्यायी मित्राचा मुलगा आंतरवासिता संपवून घरी बसला होता. मित्राने शब्द टाकला आणि आम्हांला तो मोडवला नाही. आमच्या लेटरपॅडवर आम्ही लिहून दिले, की सदर वैद्याने आमच्याकडे दोन वर्षे सहायक म्हणून काम केले असून त्यास पंचकर्माचाही अनुभव आहे. वस्तुतः तो आमच्याकडे चार-पाच वेळा आला असेल, तोही पेढे आणि लग्नपत्रिका घेऊन. पुढे एका निवड समितीपुढे त्याची मुलाखत झाली. समितीतील वैद्यांनी त्यास बस्तीविषयी विचारले. पुस्तकातले उत्तर त्याने बरोबर दिले. मग त्यांनी सहज विचारले, "तुमच्या त्या चिकित्सालयातली द्रोणी लाकडाची आहे की फायबरची?" मुलगा गप्प राहिला. त्याच सायंकाळी आम्हांला दूरध्वनी आला. बोलणारे वयाने आमच्यापेक्षा वडील होते. "वैद्यराज, आपल्याकडे द्रोणी आहे का?" एवढेच त्यांनी विचारले. आमच्याकडे द्रोणी तेव्हाही नव्हती आणि आजही नाही. आम्ही खरे ते सांगितले. मुलाची निवड झाली नाही, आणि त्यानंतर आमच्या मित्राने आमचा उंबरा चढलेला नाही. त्याच्या मते आम्ही "आहे" म्हणायला हवे होते. मुलगा आज पुण्यात एका रुग्णालयात रात्रपाळी करतो.

या प्रसंगात मुलाचा दोष किती, मित्राचा किती, हे आम्ही पुष्कळदा मोजून पाहिले. सही मात्र आमची होती.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाचा नववा अध्याय योग्यासूत्रीय म्हणून सांगितला आणि लगेच दहावा विशिखानुप्रवेशनीय. हा क्रम पाहण्यासारखा आहे. नवव्या अध्यायात शिष्याने कोहळा, दुध्या, कलिंगड यांवर छेदनाचा सराव करावा, कमळाच्या देठावर आणि मृत पशूंच्या सिरांवर वेधनाचा सराव करावा, असे सविस्तर येते. शास्त्र कितीही पाठ असले तरी ज्याने योग्या केलेली नाही तो कर्मास अपात्र, अशी तेथील भूमिका आहे. त्यानंतरच दहाव्यात तो व्यवसायाच्या रस्त्याला लागतो : राजाची अनुज्ञा घेऊन, नखे-केस कापून, स्वच्छ पांढऱ्या वस्त्रांत, भपका न करता. आजची अनुज्ञा म्हणजे महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची नोंदणी. नखे, केस आणि वेष यांविषयी हल्लीचे मुलाखत-मार्गदर्शन वर्ग हजारो रुपये घेऊन जे शिकवतात, ते आपल्याकडे तिसऱ्या वर्षीच्या विद्यार्थ्यासही ठाऊक असावयास हवे. पण नववा अध्याय गाळून दहाव्यात प्रवेश मिळत नाही, हे शिकवणारा वर्ग कोठे दिसत नाही.

नोकऱ्या नाहीत, ही तक्रार आम्हांला पूर्णतः मान्य नाही. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि आयुष वैद्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रांत कंत्राटी का होईना, जागा मिळाली. २०१३ च्या फेब्रुवारीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ आपल्याच राज्यात पालघर येथे झाला. त्याच्या प्रत्येक फिरत्या पथकात दोन आयुष वैद्य असतात, एक पुरुष व एक स्त्री. २०१४ पासून १०८ क्रमांकाच्या ९३७ रुग्णवाहिका राज्यात धावू लागल्या, त्यांवरील डॉक्टरांत आपले स्नातक पुष्कळ आहेत. २०१८ नंतर समुदाय आरोग्य अधिकारी हे पद आले, आणि सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करून हजारो आयुर्वेद स्नातक उपकेंद्रांवर रुजू झाले. मानधन तुटपुंजे आहे, करार दरवेळी नव्याने करावा लागतो, सेवेत सामावून घेण्याचा प्रश्न वर्षानुवर्षे लोंबकळत राहिला, हे सर्व खरे आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात आयुर्वेद वैद्यांना ॲलोपॅथी डॉक्टरांच्या बरोबरीचे वेतन मागता येणार नाही असा निकाल दिला, तेव्हा आपल्यातील अनेकांना तो जिव्हारी लागला. त्यावर संघटनेने लढावे. तो स्वतंत्र विषय आहे. परंतु ज्या जागा आहेत, तेथेही आपला मुलगा समितीपुढे अडखळतो, त्याचे काय?

तो इंग्रजीमुळे अडखळतो, असा सार्वत्रिक समज आहे. विमा कंपन्यांच्या दाव्यांच्या कामात किंवा पुण्या-मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत इंग्रजी लागते, हे निर्विवाद. जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र समिती बहुधा मराठीतच बोलते, आणि आमच्याकडे परतलेल्या मुलांनी जे प्रश्न सांगितले त्यांत इंग्रजीचा अडसर आम्हांस आढळला नाही. बाल स्वास्थ्य पथकाच्या मुलाखतीस गेलेल्या एकीला विचारले, की सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या बालकाच्या दंडाचा घेर किती भरला म्हणजे तीव्र कुपोषण समजावे? ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी, हे उत्तर कोणतीही अंगणवाडी सेविका देईल. हिला ते आले नाही. पुढचा प्रश्न आपल्या शास्त्राचा होता : नवज्वरात कषाय का देऊ नये? तेही नाही. "सर, ज्वराला तर आम्ही गोळीच देतो," असे ती आम्हांला भाबडेपणाने म्हणाली. दोन दगडांवर पाय ठेवून उभ्या असलेल्या पिढीची ही अवस्था आहे; आणि आंतरवासितेची सही घरबसल्या मिळवून ते वर्ष पदव्युत्तर प्रवेशाच्या शिकवणीत घालवण्याची मुभा आपणच दिली, तेव्हा दुसरे काय होणार!

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात अखेरच्या अध्यायात आयुर्वेद जाणतो म्हणविणाऱ्यास आठ प्रश्न विचारावेत असे सांगितले आहे : तंत्र, तंत्रार्थ, स्थान, स्थानार्थ, अध्याय, अध्यायार्थ, प्रश्न आणि प्रश्नार्थ. म्हणजे मुलाखत ही काही साहेबांनी आणलेली गोष्ट नव्हे. उलट, प्रत्येक शब्दापाठोपाठ त्याचा अर्थही विचारणारी ती परीक्षा आजच्या समितीपेक्षा कठीणच म्हणावी लागेल.

एक गोष्ट येथे अस्थानी वाटेल, तरी लिहितो. नुकत्याच पदव्युत्तर झालेल्या वैद्यांना काही ठिकाणी अध्यापक म्हणून कागदावर घेतले जाते, तपासणीच्या दिवशी हजर राहण्यापुरते. तो तरुण अन्यत्र दवाखाना चालवतो, आणि पुढे त्याच कागदाच्या बळावर प्राध्यापकपदाच्या मुलाखतीस बसतो. आम्ही दिलेला दाखला आणि ही नेमणूक यांत आम्हांला जातिभेद दिसत नाही, केवळ मात्राभेद दिसतो. आमच्या पिढीने खोट्या कागदावर मुलांना उभे केले, आणि आता ती मुले उभी राहत नाहीत म्हणून सभांतून हळहळ व्यक्त करतो.

संघटनेच्या तालुका शाखांनी काय करावे, याविषयी आमची सूचना साधी आहे. ज्या सभासदाकडे दिवसाला तीस-चाळीस रुग्ण येतात, त्याने वर्षाला एका स्नातकास सहा महिने जवळ बसवून घ्यावे. त्यास जाण्या-येण्याचे आणि जेवणाचे तरी पैसे द्यावेत. फुकट राबवून घेणे हाही खोटेपणाच आहे. जाहिरात येण्याच्या सुमारास शाखेतील दोघा-तिघा ज्येष्ठांनी, आणि शक्य झाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेल्या एखाद्या वैद्य भगिनीने, एका रविवारी या मुलांची मुलाखत घ्यावी व चुका तोंडावर सांगाव्यात. कागदपत्रांची तपासणीही त्याच दिवशी करावी. नोंदणीचे नूतनीकरण राहून गेले म्हणून दारातून परत आलेली दोन मुले आमच्या पाहण्यात आहेत.

आमच्यापुरते आम्ही एक केले आहे. टेबलाच्या खणात शंभर पानी वह्या ठेवल्या आहेत. दाखला मागावयास येणाऱ्यास आम्ही एक वही देतो. ज्या दिवशी तो आमच्या शेजारी बसेल, त्या दिवसाची तारीख, पाहिलेला रुग्ण, व्याधी, दोष-दूष्य, दिलेले औषध आणि पुढच्या खेपेस रुग्णाने काय सांगितले, एवढे त्याने स्वतःच्या अक्षरात लिहावयाचे. दाखल्यावर तितकेच दिवस येतील, एकही अधिक नाही. गेल्या जाहिरातीच्या वेळी तिघे आले होते. वहीची अट ऐकताच एकाचे वडील उठून उभे राहिले; दुसरा "उद्या येतो" म्हणून गेला. तिसरी एक मुलगी आहे. बाजाराच्या दिवशी रुग्णांची गर्दी असते, म्हणून ती मुद्दाम त्या दिवशी सकाळच्या एस.टी.ने येते आणि शेवटचा रुग्ण जाईपर्यंत बसते. तिच्या वहीची एकेचाळीस पाने भरली आहेत.