अठरा तास एक दिवस की एक तास रोज?

दरवर्षी एप्रिल महिना उजाडला की गावोगावी 'सलग अठरा तास अभ्यास' या उपक्रमाचे फलक लागतात. विद्यापीठांच्या ग्रंथालयांपासून वस्तीतल्या बुद्धविहारापर्यंत मुले-मुली सकाळी सहाला पुस्तक उघडून बसतात आणि रात्री बाराला मिटतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिवादन करण्याचा याहून चांगला मार्ग शोधून सापडणार नाही. डीजेच्या भिंतीपुढे नाचणाऱ्या गर्दीपेक्षा ही शांत बसलेली रांग आम्हाला कितीतरी मोलाची वाटते. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे जे लिहिणार आहोत त्याचा कोणी गैरअर्थ काढू नये.

आमचा प्रश्न एकोणिसाव्या तासाचा आहे. आमच्या माहितीतल्या एका वस्तीत विहाराला लागून अभ्यासिका आहे. जयंतीच्या आठवड्यात तिथे बसायला जागा मिळत नाही. चहा येतो, नाश्ता येतो, नगरसेवक येऊन फोटो काढून जातात. त्यानंतर चार दिवसांनी आम्ही गेलो तर दाराला कुलूप. किल्ली कोणाकडे, तर एका कार्यकर्त्याकडे. कार्यकर्ता कुठे, तर कामावर. पायरीवर आठवीतली एक मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. घरी दूरचित्रवाणी चालू असते म्हणून ती इथे आली होती. अठरा तास बसणारी मुले आपण तयार केली, पण रोज एक तास दार उघडे ठेवणारा माणूस तयार केला नाही. साधा हिशेब करून पाहा. रोजचा एक तास म्हणजे वर्षाचे 365 तास. अठरा-अठरा तासांच्या बैठका मोजल्या तर वीस जयंत्या भरतात.

दुसरीकडे बाजारात आत्मविकासाची पुस्तके आणि व्याख्याने यांचा सुळसुळाट झाला आहे. पहाटे पाचला उठा, थंड पाण्याने आंघोळ करा, दिवसाचे नियोजन वहीत लिहा, यश तुमचेच, असा त्यांचा मंत्र. आम्ही विचारतो, पहाटे उठल्याने यश मिळत असते तर या शहरांवर सफाई कामगारांचे राज्य नसते काय? तो तर शहर झोपेत असताना हजेरीच्या चौकीकडे निघालेला असतो. धुणीभांडी करणारी आपली भगिनी पाचला उठून घरचा स्वयंपाक उरकते आणि सातला दुसऱ्याच्या घरची भांडी घासायला लागते. शिस्त आपल्या माणसांत कमी नव्हती आणि नाही. ती शिस्त पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या कामी आली. स्वतःच्या आणि मुलांच्या उन्नतीसाठी राखून ठेवलेला तास तेवढा आपल्याकडे नव्हता.

असा तास कसा मिळवायचा, हे शिकायला व्याख्यात्याची फी भरण्याची गरज नाही. परळच्या चाळीतली ती एक खोली आठवा. स्वयंपाक, भांडी, सामान, माणसे सगळे त्याच खोलीत. अभ्यासाला स्वतंत्र जागा तर सोडाच, सगळ्यांनी एका वेळी पाय पसरायचे म्हटले तरी अडचण. रामजी सुभेदारांनी त्यावर उपाय काढला. भीमरावाने लवकर झोपायचे. सुभेदार स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहणार, मग मुलाला उठवून त्याच्या जागी झोपणार. रॉकेलच्या दिव्यापाशी मुलाचा अभ्यास सुरू. पुस्तकांना पैसे नसले तर सुभेदार लेकींच्या दारी जाऊन त्यांचा दागिना मागून आणत आणि गहाण ठेवत. 1907 साली भीमराव मॅट्रिक झाले, त्यामागे हे रोजचे घड्याळ होते.

या प्रसंगात आपण नेहमी मुलाचे जागरण पाहतो. बापाचे जागरण पाहत नाही. सवय ही एकट्याच्या निर्धारावर उभी राहत नाही, तिला घर लागते. कोणीतरी उठवणारा लागतो, कोणीतरी दिवा लावणारा लागतो, आपला दागिना देणारी बहीण लागते. यशाची सूत्रे विकणारे नेमकी हीच गोष्ट सांगत नाहीत, कारण त्यांचा श्रोता स्वतंत्र खोलीत राहतो.

लंडनचेही तेच. 1920 साली बाबासाहेब अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा तिकडे गेले. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जाऊन बसायचे, ते बंद होण्याच्या वेळीच उठायचे, अर्धपोटी राहून रात्री खोलीवर पुन्हा वाचन. हे एका दिवसाचे व्रत नव्हते. 1923 साली अर्थशास्त्रातील डी.एस्सी. पदवी मिळेपर्यंत ते चालले. आपण त्यातला अठराचा आकडा उचलला आणि वर्षे विसरलो. या अतिश्रमांची, उपासमारीची किंमत त्यांच्या प्रकृतीने पुढे मोजली, हेही मुलांना सांगितले पाहिजे. त्यांना तसे शिकावे लागले, कारण दुसरा मार्ग बंद होता. आपल्या मुलांनी पोटभर जेवून, सहा-सात तास झोपून शिकावे, यासाठीच तर ते जागले.

त्याच लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या संशोधकांनी सवय लागायला किती दिवस लागतात, याचा अभ्यास केला. तो 2010 च्या सुमारास प्रसिद्ध झाला. 96 जणांनी रोज ठरलेल्या वेळी एखादी साधी गोष्ट करायची, असा तो प्रयोग होता. सवय अंगवळणी पडायला मध्यमानाने 66 दिवस लागले. कोणाला 18, तर कोणाला 254 दिवस लागतील असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते, ही समजूत मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी शल्यविशारदाच्या 1960 सालच्या पुस्तकावरून पसरली; तिला असा आधार नाही. त्या प्रयोगातली आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. मधे एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली नाही. आपल्या घरांत आजारपण, पाण्याचा टँकर, रात्रपाळी, लग्नकार्य यांमुळे दिवस चुकणारच. चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसायचे. सोडून द्यायचे नाही.

चौदा एप्रिलला सुरुवात केली तर 66 वा दिवस अठरा जूनला येतो. म्हणजे शाळा उघडता उघडता मूल तयार! जयंतीला अठरा तास बसवा, अवश्य बसवा. पण त्या रात्री बारा वाजता मुलांना सांगा की उद्या सायंकाळी सातला एक तास पुन्हा यायचे आहे.

हे जमणार नाही, असे कोणी म्हणेल. त्यांना आम्ही वर्षावास दाखवू. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत सुमारे तीन महिने आपल्या विहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. दिवसभर राबून आलेल्या आयाबाया पांढरी साडी नेसून रोज सायंकाळी येतात. ज्यांना शाळेचे तोंड पाहता आले नाही, त्या ऐकून ऐकून प्रकरणे सांगतात. इथे कोणी प्रेरणा देणारा वक्ता नसतो. वेळ ठरलेली, जागा ठरलेली, सोबत ठरलेली. लंडनच्या प्रयोगाला जे दिसले, ते आपल्या माऊल्या कितीतरी वर्षे करीत आल्या आहेत. तथागतांनी सम्यक व्यायामात हेच तर शिकवले: नसलेली वाईट सवय येऊ देऊ नये, आलेली घालवावी, नसलेली चांगली सवय लावावी आणि लागलेली टिकवावी. आपण चौथ्या पायरीवर घसरतो.

मग करायचे काय? अभ्यासिकेच्या किल्लीची पाळी सात घरांत वाटून द्या, प्रत्येकाकडे आठवड्याचा एक वार. सात ते नऊ या वेळेत आळीतल्या दूरचित्रवाणीचा आवाज बंद. मोबाईल एका डब्यात, मोठ्यांचेसुद्धा. बाप मोबाईलमध्ये आणि मुलगा पुस्तकात, असे फार दिवस चालत नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याने नुसते शेजारी बसावे.  आणि मुलींचा तास आधी मोकळा करा. भाऊ अभ्यासाला बसला आणि बहीण पाणी भरते आहे, असे ज्या घरात दिसते तिथे बाबासाहेबांची तसबीर असून उपयोग नाही. पाणी भावानेही भरावे.

आपला दोष सवयींवर ढकलून शासनाला मोकळे सोडण्याचा हा प्रकार आहे, असा आक्षेप येईल. आम्हाला तो मान्य नाही. शिष्यवृत्ती वेळेवर मिळालीच पाहिजे, वसतिगृहे वाढलीच पाहिजेत, रिक्त जागा भरल्याच पाहिजेत; त्यासाठीचा लढा कोणत्याही वहीतल्या नियोजनाने संपत नाही. पण लढ्यालाही सवयी लागतात. सहाची बैठक नऊला सुरू करणारी संघटना निवेदनाचा पाठपुरावा कसा करणार? मंडळाचा जमाखर्च दर महिन्याला न लिहिणारे, सरकारला हिशेब कोणत्या तोंडाने विचारणार? हक्काची भाषा आणि घड्याळाची भाषा एकमेकींच्या वैरी नाहीत.

त्या पायरीवरच्या मुलीला आम्ही विचारले, रोज येतेस का? ती म्हणाली, रोज येते, उघडे असले तर बसते. सवय तिला लागलेली आहे. लागायची आहे ती आपल्याला, दार उघडण्याची.