आजोबा, घोडी आणि वजनाचं गणित

ऑलिम्पिकचा खेळाडू म्हटलं की डोळ्यांसमोर कोण येतं? वीस-बावीस वर्षांचा चपळ गडी, होय ना? पण 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमधले सर्वांत वयस्क खेळाडू होते चक्क 71 वर्षांचे! जपानचे हिरोशी होकेत्सू. खेळ घोडेस्वारीचा. पहिलं ऑलिम्पिक ते 1964 साली टोकियोत खेळले, घोड्यावरून अडथळे ओलांडण्याच्या स्पर्धेत. 1988 ला निवड झाली होती, पण घोड्याच्या क्वारंटाइनची अडचण आली आणि सेऊल हुकलं. पुन्हा उतरले ते थेट 2008 ला, बीजिंगमध्ये. म्हणजे मध्ये गेली 44 वर्षं!

या वेळी त्यांचा प्रकार होता ड्रेसाज. 60 मीटर लांब, 20 मीटर रुंद रिंगणात घोड्याला तालात चालवायचं, वळवायचं, जागच्या जागी दुडकवायचं. प्रत्येक हालचालीला 0 ते 10 गुण. (याच प्रकारात 2023 च्या आशियाई स्पर्धेत आपल्या संघानं सुवर्णपदक पटकावलं, बरं का!) इथे दांडगाई चालत नाही. पायाचा हलकासा दाब, कमरेची किंचित हालचाल, की घोडा समजून घेतो. म्हणूनच मुरलेले स्वार इथे टिकतात. ऑस्ट्रेलियाच्या मेरी हॅना आजी 2021 साली टोकियोत उतरल्या, तेव्हा 66 वर्षांच्या होत्या.

वयाचं ठीक, पण वजनाचं काय? होकेत्सू आजोबा शिडशिडीत. सगळेच तसे नसतात. जाडजूड माणूस घोड्यावर चढला की लोक फिदीफिदी हसतात. मला ते मुळीच आवडत नाही. मात्र घोड्याच्या बाजूनं प्रश्न खरा आहे, कारण त्याला बोलता येत नाही.

साधारण हिशेब असा: स्वार, खोगीर, बूट सगळं मिळून घोड्याच्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत असावं. 2008 साली अमेरिकेत आठ घोड्यांवर 15, 20, 25 आणि 30 टक्के ओझं ठेवून पाहिलं. 25 टक्क्यांपासून पुढे त्यांचे स्नायू जास्त दुखावले. आता गणित करा. घोडा 500 किलोंचा, खोगीर 10 किलोंचं. 95 किलोंचे काका बसू शकतील का? नाही ना! पण 600 किलोंचा दणकट घोडा असेल, तर खुशाल. शिवाय रिकिबीत लोंबकळत चढण्यापेक्षा ठोकळ्यावर उभं राहून चढलं, तर घोड्याच्या पाठीला कमी हिसका बसतो. आणि धपाधप आपटणारा हलका स्वार घोड्याला नकोसाच होतो!

गंमत म्हणजे ईव्हेंटिंग या प्रकारात नव्वदच्या दशकापर्यंत उलटाच नियम होता. स्वार आणि खोगीर मिळून किमान 75 किलो भरलेच पाहिजेत! सडपातळ स्वार बिचारे शिशाची वजनं घेऊन पळत.

लंडननंतर होकेत्सू आजोबांकडे पुढच्या ऑलिम्पिकचा विषय निघाला. इच्छा होती, पण वय आडवं आलं. त्यांचं नव्हे हो, त्यांच्या व्हिस्पर घोडीचं!